घर सापडलं, आता पुढे काय? आभासी पृथ्वीगोलावरून भूगोल शिकवताना

विचारणाऱ्यांनी दोन प्रश्न एकत्र विचारले आहेत. पहिला शिक्षकाचा आहे: "प्रोजेक्टरवर गूगल अर्थ लावलं की मुलं खूश होतात, आपापलं घर शोधतात आणि दहा मिनिटांत सगळा उत्साह ओसरतो. पुढे काय करायचं?" दुसरा विज्ञान केंद्रात काम करणाऱ्याचा: "आमच्याकडे येणाऱ्या लोकांसाठी असाच एक मोठा पडदा लावायचा आहे. लोक थांबतील, बोलतील, असं त्यावर काय ठेवावं?"

मी दोन्हीकडे काम केलं आहे, वर्गातही आणि प्रदर्शनातही, आणि दोन्हीकडे सुरुवातीला सारख्याच चुका केल्या. माझं उत्तर एका वाक्यात सांगायचं तर असं: एका बैठकीला एकच प्रश्न घ्या, पृथ्वी जास्तीत जास्त वेळ स्थिर ठेवा आणि माउस लवकरात लवकर दुसऱ्याच्या हातात द्या. हे नेमकं कसं जमवायचं ते पुढे सांगते.

आधी त्या घराचं बघू. बरेच जण याला वेळ वाया जाणं समजतात आणि "चला, झालं बघून" म्हणत पुढे सरकतात. तसं करू नका. नकाशा समोर आला की माणूस आधी स्वतःला शोधतो, मोठी माणसंही हेच करतात. घर सापडलं की कॅमेरा तिथेच ठेवा आणि सरळ वर न्या, पण एका झटक्यात नको. एक किलोमीटर उंचीवर थांबा, मग दहावर, शंभरावर, हजारावर. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याची उंची दिसते, ती मुलांना मोठ्याने वाचू द्या. प्रत्येक थांब्यावर एवढंच विचारा: आत्ता काय दिसेनासं झालं आणि नव्याने काय दिसायला लागलं? एक किलोमीटरवरून गल्ली दिसते. दहावरून गल्ली हरवते, पण नदीचं वळण कळतं. शंभरावरून आख्खं शहर करड्या डागाएवढं होतं आणि ती नदी कुठल्या डोंगरातून येते ते दिसतं. प्रमाण बदललं की भूगोलाचा प्रश्नच बदलतो, ही गोष्ट मुलं इथे स्वतःच बोलून दाखवतात.

वर गेल्यावर आणखी एक प्रश्न टाका: "आता पृथ्वीचा किती भाग दिसतोय?" उत्तर ठरलेलं असतं, अर्धा. खरं तर अर्धा कधीच दिसत नाही. हिशेब सोपा आहे. कॅमेऱ्याच्या उंचीला, पृथ्वीची त्रिज्या अधिक उंची यांच्या बेरजेच्या दुपटीने भागायचं. त्रिज्या 6,371 किलोमीटर धरा. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक साधारण 400 किलोमीटरवर असतं, तिथून पृथ्वीचा जेमतेम 3 टक्के पृष्ठभाग दिसतो. 10,000 किलोमीटरवर गेलात तरी 30 टक्क्यांच्या आसपास. गणिताच्या तासाला हे उदाहरण उसनं द्या, तिकडचे शिक्षक खूश होतील.

हा हिशेब मी मुद्दाम करून घेते, कारण पृथ्वीगोल "खरा" आणि सपाट नकाशा "खोटा" अशी एक समजूत हल्ली पसरली आहे. मर्केटरच्या 1569 च्या प्रक्षेपणात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या त्याच्या पद्धतीत, ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं आणि प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या जवळजवळ चौदापट आहे, हे सगळ्यांनी कुठेतरी वाचलेलं असतं. पण पडद्यावरचा गोल हेसुद्धा एका ठरावीक उंचीवरून काढलेलं सपाट चित्रच आहे. कडेचे देश चेपलेले दिसतात आणि पाठीमागचं जग तर दिसतच नाही. म्हणून मी भिंतीवरचा जगाचा नकाशा काढत नाही, पडद्याशेजारीच ठेवते. लंडन ते लॉस एंजेलिस अशी सरळ रेषा आधी भिंतीवरच्या नकाशावर फूटपट्टीने काढायची, मग पृथ्वीगोलावर मोजपट्टीचं साधन घेऊन तीच दोन शहरं जोडायची. पडद्यावरची रेषा ग्रीनलंडवरून जाते. दोन चित्रं शेजारी असली तरच मुलं विचारतात, "मग खरी सरळ कोणती?" नुसता पृथ्वीगोल दाखवला तर हा प्रश्न कुणाच्या मनातच येत नाही.

आता स्थिर ठेवण्याबद्दल. माझा अगदी सुरुवातीचा तास मला अजून आठवतो. चाळीस मिनिटांत एकवीस ठिकाणं बसवली होती: ग्रँड कॅन्यन, सहारा, ॲमेझॉन, पिरॅमिड, काय काय. प्रत्येक ठिकाणी झोकात उडी, मुलांचे "ओऽऽ" आणि पुढची उडी. आठवड्याने विचारलं, काय आठवतं? एक मुलगा म्हणाला, "आपण खूप वेगाने गेलो." बस, एवढंच. त्याचं काही चुकलं नव्हतं, मी तेवढंच शिकवलं होतं. ते उडणं इतकं देखणं असतं की डोळा त्यातच गुंततो, आणि ज्यासाठी उडालो ती जागा येते तेव्हा बघणारा दमलेला असतो. मागच्या बाकांवर एखाद्याला चक्कर येते, ते वेगळंच. डेस्कटॉप आवृत्तीच्या सेटिंगमध्ये उड्डाणाचा वेग कमी करता येतो, तो करा. आणि आर हे बटण दाबलं की उत्तर दिशा वर येते आणि दृश्य थेट वरून दिसायला लागतं. वाकड्यातिकड्या कोनात हरवल्यावर मी अजूनही त्याचाच आधार घेते.

तर मग एकच जागा घेऊन तासभर काय करायचं? माझा आवडता पाठ सांगते, हवाईचा.

पडद्यावर प्रशांत महासागर आणायचा, जमिनीची नावं बंद ठेवायची. हवाई बेटांवर थांबायचं आणि काहीही न बोलता दोन मिनिटं वहीत चित्र काढायला सांगायचं: बेटांची रांग कुठून कुठे जाते, मोठं बेट कोणत्या टोकाला आहे, उंच डोंगर कुठे आहेत. हात चालला की डोळा शिस्तीत येतो. मग विचारायचं, यातलं सगळ्यांत जुनं बेट कोणतं असेल? बहुतेक जण सर्वांत मोठं बेट दाखवतात, मोठं म्हणजे जुनं असा सरळ हिशेब. उत्तर सांगायचं नाही. एकेका बेटाच्या जवळ जायचं. आग्नेय टोकाच्या मोठ्या बेटावर किलाउएया ज्वालामुखीच्या उतारावर काळे कुळकुळीत लाव्हाचे ओघळ समुद्रापर्यंत गेलेले दिसतात, त्यांच्यावर झाडं नाहीत. वायव्येला काउआई बेट हिरवंगार आहे, पावसाने खोल दऱ्या कोरलेल्या, कडे झिजलेले. आणखी वायव्येला गेलं की बेटं बारीक होत जातात, शेवटी मिडवेजवळ नुसती प्रवाळाची कंकणं उरतात. इथे वर्गातलं कुणीतरी म्हणतंच, "म्हणजे इकडून तिकडे ती म्हातारी होत जातात!"

आता मोजपट्टी मुलांच्या हातात. किलाउएया ते मिडवे अंतर सुमारे 2,430 किलोमीटर भरतं. पाच-पंचवीस किलोमीटर इकडे-तिकडे झालं तर हरकत नाही, मुलांनी कुठे क्लिक केलं त्यावर ते ठरतं. मिडवेच्या खडकांचं वय साधारण 2 कोटी 80 लाख वर्षं आहे, एवढी एकच माहिती मी फळ्यावर लिहिते. भागाकार मुलांनी करायचा. वर्षाला साडेआठ-नऊ सेंटिमीटर येतात. आपली नखं वर्षभरात साधारण तीन-चार सेंटिमीटर वाढतात, म्हणजे पॅसिफिक भूपट्ट, पृथ्वीच्या कवचाचा हा सरकणारा भलामोठा तुकडा, नखांच्या दुपटीहून जास्त वेगाने सरकतो आहे. खाली मॅग्माचा उष्ण स्रोत, वरून सरकणारा भूपट्ट, त्यामुळे बेटांची माळ. पाठ्यपुस्तकात हे तीन ओळींत असतं. इथे तो वेग मुलांनी स्वतः मोजलेला असतो, म्हणून पुढच्या परीक्षेत नाही आठवला तरी काढता येतो.

तास संपत आला की शेवटचा धक्का. मिडवेच्याही पुढे, समुद्राच्या तळावर, ही माळ संपतच नाही. पाण्याखालच्या डोंगरांची रांग वायव्येला जाते आणि मग एकदम उत्तरेकडे वळून कामचटकाच्या दिशेने जाते. त्या वळणाचं वय सुमारे 4 कोटी 70 लाख वर्षं. असं का वळलं असेल? भूपट्टाची दिशा बदलली की खालचा उष्ण स्रोतच सरकला, आणि दोन्ही असेल तर कशाचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे, हे मुलांना सांगून टाका. ज्यावर मोठ्यांचंही एकमत नाही असा प्रश्न हातात मिळाला की तेरा-चौदा वर्षांची मुलं सुखावतात. आणि दुसऱ्या टोकाला, मोठ्या बेटाच्या आग्नेयेला पाण्याखाली जवळजवळ हजार मीटरवर एक नवा ज्वालामुखी वाढतो आहे. त्याचं नाव कामाएहुआकानालोआ. उच्चारायला मुलांना भयंकर मजा येते.

याच धर्तीचा दुसरा पाठ टोंगाच्या गर्तेचा, प्रशांत महासागराच्या तळावरच्या एका लांबट खोल खाईचा. अमेरिकेचा भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभाग भूकंपांची माहिती केएमएल स्वरूपात (पृथ्वीगोलावरच्या खुणा साठवायच्या फाइलीच्या प्रकारात) मोफत देतो. ती फाइल पृथ्वीगोलात उघडली की ठिपके पसरतात. खोलीनुसार रंग दिलेले ठिपके घ्या, तारखेनुसार नको. गर्तेजवळ उथळ भूकंप आणि पश्चिमेला फिजीकडे जावं तसे खोल, अगदी 600 किलोमीटरपेक्षाही खोल. रंगांचे पट्टे बघून मुलांनी हाताने खाली घुसणाऱ्या भूपट्टाचा उतार दाखवला की समजायचं, काम झालं. एक मर्यादा मात्र आधीच सांगा. ठिपके पडद्यावर जमिनीच्या पृष्ठभागावर दिसतात, प्रत्यक्षात ते खोल आत आहेत. मी वहीवर एक आडवा छेद काढून घेते, त्याशिवाय हा पाठ अर्धवट राहतो.

दिशांचं एक. नाईल नदीजवळ होतो तेव्हा एका मुलीने विचारलं होतं, "ही नदी वर कशी काय वाहते?" वर्ग हसला. मला मात्र तो त्या वर्षीचा सगळ्यांत चांगला प्रश्न वाटला. कारण उत्तर दिशा म्हणजे वर हा गोंधळ मोठमोठ्यांचा असतो, ते फक्त बोलून दाखवत नाहीत. छापील नकाशा भिंतीवर उलटा टांगता येतो, पण पृथ्वीगोल असा अलगद फिरवता येतो की दक्षिण वर आली तरी काही मोडल्यासारखं वाटत नाही. फिरवल्यावर नदीच्या काठाने रेषा काढून उंचीचा आलेख दाखवला. व्हिक्टोरिया सरोवर समुद्रसपाटीपासून 1,134 मीटरवर, खार्टूम चारशे मीटरच्या खाली, मग भूमध्य समुद्र. त्या आलेखात मधेमधे नदी चक्क चढताना दिसते. तीही संधीच समजा.

पडद्यावरच्या उंच-सखलपणामागची उंचीची माहिती मोजमापातून येते आणि मोजमापाला मर्यादा असतात. फेब्रुवारी 2000 मध्ये एन्डेव्हर या अंतराळयानाने अकरा दिवसांत रडारने जगाच्या बऱ्याचशा जमिनीची उंची मोजली, साधारण 60 अंश उत्तर ते 56 अंश दक्षिण या पट्ट्यातली. अशा रडारला घनदाट जंगलात बऱ्याचदा झाडांचे शेंडे लागतात, जमीन नाही. अरुंद दरीत काठ आणि पात्र यांची सरासरी होते. म्हणून नदी डोंगर चढते आणि पूल दरीत वितळल्यासारखे लोंबतात. अशी चूक शोधणाऱ्याला मी शाबासकी देते.

उंचीवरून आठवलं. बहुतेक पृथ्वीगोलांत डोंगरांची उंची वाढवून दाखवायची सोय असते. हिमालय तिप्पट करून दाखवला की छान दिसतो, पण ते सांगायला विसरू नका. उतारा म्हणून हे गणित द्या: पृथ्वी 30 सेंटिमीटर व्यासाचा चेंडू केली तर एव्हरेस्ट किती उंच होईल? सुमारे 0.2 मिलिमीटर. बोट फिरवलं तर जेमतेम जाणवेल.

काळाची पट्टी हे या साधनातलं माझ्या मते सगळ्यांत ताकदीचं आणि सगळ्यांत फसवं हत्यार आहे. गूगल अर्थमध्ये जुन्या प्रतिमा पाहायची सोय 2009 मध्ये आली आणि टाइमलॅप्समध्ये, म्हणजे वर्षांमागून वर्षांच्या प्रतिमा सलग दाखवणाऱ्या सोयीत, 1984 पासूनचे बदल दिसतात. मध्य आशियातला अराल समुद्र घ्या. 1960 मध्ये तो 68,000 चौरस किलोमीटरचा, जगातला चौथा मोठा अंतर्गत जलाशय होता. पट्टी सरकवली की तो डोळ्यांदेखत आटतो, दोन तुकडे होतात, पूर्वेकडचा भाग 2014 मध्ये पूर्ण कोरडा पडतो. वर्ग सुन्न होतो आणि कुणीतरी म्हणतं, "हवामान बदल." इथे थांबायलाच हवं. आटलेल्या समुद्राकडे कितीही टक लावून बघितलं तरी कारण दिसणार नाही, नदीने वर जावं लागतं. त्याला मिळणाऱ्या अमू दर्या आणि सीर दर्या या नद्या धरून वर जाऊ द्या मुलांना. वाळवंटाच्या मधोमध हिरवे चौकोन दिसतात, त्यांना पाणी नेणारे सरळ रेषेतले कालवे दिसतात. त्यातला काराकुम कालवा तर 1,300 किलोमीटरहून लांब आहे. कापसाला दिलेलं पाणी समुद्रापर्यंत पोचलंच नाही. मग उत्तरेकडच्या तुकड्याकडे या: 2005 मध्ये कोक-अराल धरण झालं आणि तिथलं पाणी पुन्हा वाढलं. नुसतं "आटलं हो" दाखवून सोडलं तर मुलं फक्त हळहळतात. नदीने वर गेली की कारण त्यांच्या बोटाखाली येतं.

फसवं का म्हणाले? कारण मी स्वतः फसले आहे. एका कार्यक्रमात एका जलाशयाच्या दोन प्रतिमा शेजारी ठेवून "बघा, किती आटला" असं ठणकावून सांगितलं. मागून एक बाई म्हणाल्या, "पहिला फोटो पावसाळ्यानंतरचा आहे, दुसरा उन्हाळ्याच्या शेवटचा." तारीख खाली लिहिलेली होतीच, मीच वाचली नव्हती. तेव्हापासून वर्ष आणि महिना दोन्ही मोठ्याने वाचल्याशिवाय मी तुलना करत नाही. नद्यांची वळणं दाखवायची असतील तर हा धोका कमी असतो. पेरूमधली उकायाली नदी पाहा, तिची नागमोडी वळणं दरवर्षी सरकतात, वळणाची अरुंद मान कापली जाते आणि मागे नालाकृती सरोवर उरतं. दहा सेकंदांत कळतं.

"हे आत्ताचं दिसतंय का?" हा प्रश्न प्रदर्शनात मला हमखास विचारला जातो, कधीकधी एका संध्याकाळी वीस वेळा. याचं उत्तर नीट तयार ठेवा. ते चित्र थेट प्रक्षेपण नसतं, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या उपग्रहांनी आणि विमानांनी घेतलेल्या तुकड्यांची ती गोधडी असते. लँडसॅट उपग्रहाच्या प्रतिमेत एक ठिपका 30 मीटरचा, सेंटिनेल-2 उपग्रहाच्या प्रतिमेत 10 मीटरचा, व्यापारी उपग्रहांच्या प्रतिमेत अर्ध्या मीटरच्याही आत. पृथ्वीवर कुठेच ढग नाहीत, हे कसं? ढग नसलेले ठिपके निवडून ते जोडलेले असतात. एखाद्या शेताच्या मधून सरळ रेषा जाते, अलीकडे हिरवं आणि पलीकडे तपकिरी. ती शिवण आहे. लोकांना शिवण शोधायला लावा, मोठी माणसं लहान मुलांसारखी रमतात.

चित्रावर संशय घ्यायला शिकवण्यासाठी दोन गोष्टी मी नेहमी सांगते. प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनियाजवळ सँडी नावाचं बेट अनेक नकाशांत होतं, गूगल अर्थवरही काळ्या डागासारखं दिसायचं. नोव्हेंबर 2012 मध्ये ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांचं जहाज तिथे पोचलं तेव्हा बेट नव्हतंच, खाली चौदाशे मीटर खोल पाणी होतं. 1876 मध्ये एका जहाजाने केलेली नोंद एका नकाशातून दुसऱ्यात उतरत आली होती. दुसरी गोष्ट 2009 ची. समुद्राचा तळ पृथ्वीगोलावर आला आणि कॅनरी बेटांजवळ तळावर रस्त्यांसारखी चौकट दिसली. "अटलांटिस सापडलं" अशी आवई उठली. त्या रेषा म्हणजे सोनारने खोली मोजत गेलेल्या जहाजांच्या वाटा होत्या. जिथे जहाज गेलं तिथे तपशील बारीक आणि दोन वाटांच्या मधे अंदाज. समुद्रतळाचा फार थोडा भाग आपण नीट मोजला आहे, हे यापेक्षा चांगलं कशाने कळणार?

सीमारेषांबद्दल फार लिहीत नाही, पण त्या बघताना सावध राहा. वादग्रस्त सीमा वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या दिसतात. 2010 मध्ये निकाराग्वाचे सैनिक कोस्टा रिकाने दावा केलेल्या नदीकाठच्या जागेत शिरले तेव्हा त्यांच्या बाजूने गूगलच्या नकाशातल्या सीमेचा हवाला दिला गेला होता, आणि ती सीमा चुकीची काढलेली निघाली. सीमेचा निवाडा पृथ्वीगोल करत नाही, एवढं लक्षात ठेवा.

आता विज्ञान केंद्राबद्दल. 1998 मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांनी लॉस एंजेलिसमधल्या भाषणात डिजिटल पृथ्वीची कल्पना मांडली, तेव्हा त्यांनी संग्रहालयात आलेलं एक मूल डोळ्यांवर यंत्र लावून पृथ्वीवर उतरतंय असं चित्र रंगवलं होतं. सात वर्षांनी, जून 2005 मध्ये, गूगल अर्थ आलं. आणि दोनच महिन्यांत अमेरिकेत कतरीना वादळ आलं. पुरानंतरची हवाई छायाचित्रं पृथ्वीगोलावर चढवली गेली आणि घर सोडून गेलेली माणसं आपलं छप्पर पाण्यावर आहे का ते शोधत होती. लोक अशा पडद्याशी का थांबतात याचं उत्तर त्यात आहे: त्यांना तिथे स्वतःचं काहीतरी शोधायचं असतं.

म्हणून पडद्यावर तुमचा तयार चित्रपट लावू नका. सतत आपोआप फिरणारी पृथ्वी दुरून लोकांना ओढते खरी, पण जवळ आल्यावर त्यांना करायला काही नसेल तर ते अर्ध्या मिनिटात पुढे जातात. पडद्याशेजारी मोठ्या अक्षरात एकच प्रश्न लावा, दर आठवड्याला बदला. "इथून सरळ खाली भोक पाडलं तर कुठे निघाल?" हा कधीच फसत नाही. बहुतेकांचं उत्तर समुद्र येतं, कारण जमिनीच्या बरोबर विरुद्ध जमीन असण्याचे योग थोडे. स्पेनच्या उलट बाजूला न्यूझीलंड येतं. जैसलमेरच्या विरुद्ध टोकाला, प्रशांत महासागराच्या मधोमध, जवळजवळ नेमकं ईस्टर बेट येतं. "वाळवंटात हे गोल गोल काय आहे?" हाही चांगला प्रश्न. सौदी अरेबियातली ती वर्तुळं म्हणजे मध्यबिंदूभोवती फिरणाऱ्या पाइपने भिजवलेली शेतं, पण त्याआधी परग्रहवासीयांपर्यंत सगळे अंदाज ऐकायला मिळतात.

यंत्र दोन मिनिटं कुणी हात लावला नाही की आपोआप मूळ दृश्यावर आलं पाहिजे, नाहीतर पुढच्या माणसाला कुणाच्या तरी गच्चीचा फोटो दिसतो. त्या गच्चीवरूनच: सार्वजनिक पडद्यावर मुलांना "तुझं घर दाखव" म्हणू नका, वर्गातही सगळ्यांच्या घरांच्या खुणा एका फाइलमध्ये साठवू नका. गाव किंवा परिसर पुरतो.

लोकांनी नुसतं बघू नये, त्यात भर घालावी, हे सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत मोलाचं काम आहे. ब्राझीलमधल्या सुरुई आदिवासींचे प्रमुख अल्मीर यांनी 2007 मध्ये गूगलशी संपर्क साधला आणि पुढे त्यांच्या लोकांनी आपल्या जंगलाचा सांस्कृतिक नकाशा पृथ्वीगोलावर स्वतः मांडला. उलट मोझांबिकमधल्या माबू डोंगरावरच्या जंगलाची गोष्ट बघा. 2005 मध्ये ज्युलियन बेलिस या शास्त्रज्ञांना ते उपग्रह प्रतिमांत दिसलं, पुढच्या मोहिमांत तिथे विज्ञानाला अपरिचित प्रजाती मिळाल्या आणि "गूगलने शोधलेलं जंगल" असं त्याचं नाव झालं. डोंगराखाली राहणाऱ्यांना ते आधीपासून माहीत होतंच. प्रदर्शनात ही गोष्ट सांगणार असाल तर दोन्ही बाजूंनी सांगा.

साधनांबद्दल थोडक्यात. वर्गासाठी डेस्कटॉपवरचं गूगल अर्थ प्रो घ्या, ते 2015 पासून मोफत आहे. त्यात अक्षवृत्तं-रेखावृत्तं, सूर्यप्रकाशाची पट्टी, जुन्या प्रतिमा, उंचीचा आलेख हे सगळं आहे. सूर्यप्रकाशाची पट्टी 21 जूनवर ठेवून उत्तर ध्रुवावर जा आणि चोवीस तास सरकवा, ऋतूंचा निम्मा धडा तिथेच होतो. मुलांना आपापल्या यंत्रावर काम द्यायचं तर ब्राउझरमधली आवृत्ती सोपी. मुक्त स्रोत हवा असेल तर मार्बल हा पृथ्वीगोल हलका आहे. स्वतःचं प्रदर्शन बांधायचं आणि प्रोग्रामर हाताशी असेल तर सीझियम हे पृथ्वीगोल बांधायचं साधन बघा. काहीही निवडलं तरी खुणा आणि सफरी केएमएलमध्ये साठवा. ते 2008 पासून खुलं मानक आहे, उद्या सॉफ्टवेअर बदललं तरी मेहनत वाया जात नाही. आणि इंटरनेटवर भरवसा ठेवू नका. तासाच्या आधी दाखवायच्या सगळ्या जागांवरून एकदा सावकाश फिरून या, डेस्कटॉप आवृत्तीत त्या प्रतिमा यंत्रात साठून राहतात आणि नेट गेलं तरी बऱ्याच दिसतात. तरीही महत्त्वाच्या चार दृश्यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवाच.

पडद्याशेजारी एक माणूस हवा, हे खर्चाच्या यादीत सगळ्यांत आधी लिहा. त्याने सांगायचं कमी आणि विचारायचं जास्त. आणि खुर्ची सोडायची तयारी हवी. आमच्याकडे एकदा जहाजावर आयुष्य काढलेले एक निवृत्त गृहस्थ आले. बराच वेळ मागे उभे होते. मी माउस पुढे केला तर त्यांनी थेट पनामा कालवा गाठला आणि जमलेल्यांना विचारलं, "अटलांटिककडून पॅसिफिककडे जाताना जहाज कुठल्या दिशेला जातं?" सगळे म्हणाले, पश्चिमेला. मीही मनात तेच म्हटलं होतं. त्यांनी कालव्याची दोन्ही तोंडं जवळ आणून दाखवली. पॅसिफिककडचं तोंड अटलांटिककडच्या तोंडाच्या पूर्वेला आहे, कारण तिथली भूमीच आडवी वळलेली आहे. जहाज आग्नेयेला जातं. त्यानंतरचा पाऊण तास तेच बोलत होते आणि मी मागे उभी राहून ऐकत होते. त्या आठवड्याचा प्रश्न मी संध्याकाळीच काढून टाकला आणि त्यांचा लावला.